सम, खाली आणि दोन तबकड्या

'डीजे' हा शब्द कोल्हापुरात उच्चारला की सुशिक्षित माणसाच्या कपाळास आठ्या पडतात. मिरवणुकीतील भिंतीएवढे कर्णे आणि थरथरणारी खिडक्यांची तावदाने, एवढ्यावर त्या शब्दाचा अर्थ आमच्याकडे संपतो. ह्या भिंतीस येथे 'डॉल्बी' असेही म्हणतात. ज्या रे डॉल्बी नामक गृहस्थाने ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याची युक्ती काढली, त्याच्या नावास आमच्या शहराने दिलेला हा मान विलक्षणच म्हटला पाहिजे! असो. ह्या गोंगाटाआड एक कला आहे, आणि त्या कलेच्या मुळाशी असलेला प्रश्न करवीरनगरीस मुळीच परका नाही. निरनिराळ्या चालीने चाललेल्या दोन लयी एकमेकींस कोठे व कशा भेटवाव्यात, हा तो प्रश्न होय.

न्यू यॉर्क येथील एका नृत्यगृहात १९६९ च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो नावाचा तरुण दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवून वाजवू लागला. एक तबकडी नाचणाऱ्यांस ऐकू येत असे, दुसरी त्याच्या एकट्याच्या कानात. दुसरीची गती पहिलीच्या गतीशी जुळली म्हणजे तो हळूच एकीतून दुसरीत शिरे, व नाचणाऱ्यांच्या पावलांस खंड पडत नसे. पुढे १९७२ साली टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे तबकडीयंत्र निघाले. १९७९ च्या आवृत्तीत त्यास एक सरकती पट्टी बसली, आणि तबकडीची गती शेकडा आठपर्यंत कमीअधिक करणे सुकर झाले. परंतु गती जुळविणे हा ह्या विद्येचा केवळ ओनामा होय. गती सारखी असूनही एकीचा ठोका दुसरीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडू शकतो. ठोक्यावर ठोका बसला, तरी एकीचे आवर्तन संपत असता दुसरीचे अर्ध्यावर असू शकते. म्हणजे मात्रा मिळाली, पण सम चुकली. आज संगणक एक कळ दाबताच दोहोंची गती एक करतो. मात्र सम कोणती हे हेरण्यात तोही फसतो, आणि जिवंत वादकाच्या हातून लय किंचित हलली असेल तर त्याची आखणी ढळते.

येथे एका यंत्राची गोष्ट सांगितली पाहिजे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे तालयंत्र काढले. त्याच्या दर्शनी भागावर सोळा कळांची एक ओळ असून तिचे चार-चारांचे गट रंगांनी दाखविलेले आहेत. सोळा मात्रा, चार विभाग! आमच्या वाचकांस त्रिताल आठवल्यावाचून राहणार नाही. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली ह्याच यंत्राच्या साथीने दहा रागांची एक तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कोणाच्या नजरेत भरली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातील जाणकार चकित झाले. आम्हांस मात्र तीत एक गोष्ट खटकते. दहा राग आले, ताल एकच आला, आणि तोही खालीवाचून. नृत्याच्या ठेक्यात पहिल्या, पाचव्या, नवव्या व तेराव्या कळेवर एकसारखा घाव पडतो. त्रितालात नवव्या मात्रेस टाळी टाळून हात उघडा टाकतात, आणि त्याच भागात डग्ग्याचा घुमारा मावळतो. आवर्तनाच्या मध्यावर आलो आहोत हे श्रोत्यास कळते ते ह्या उणिवेमुळे. चारही घाव सारखे झाले की समेची खूण पुसली जाते. मग डीजेस ती अन्यत्र शोधावी लागते: झांजेच्या एखाद्या फटकाऱ्यात, किंवा नव्याने शिरणाऱ्या स्वरात.

ठेकाच वक्र असला तर संकट दुणावते. ब्रिटनमध्ये १९९४ साली रात्रीच्या उघड्यावरील नृत्यमेळाव्यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्यात संगीताची व्याख्या करताना, एकामागून एक पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यांचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला. ऑटेकर ह्या जोडीने त्याच वर्षी 'फ्लटर' नावाची रचना काढली. तीत कोणतेही दोन खंड सारखे नव्हते. ती वाजविणाऱ्या डीजेने वकील व संगीतशास्त्रज्ञ जवळ बाळगावा, अशी मिस्कील सूचनाही वेष्टनावर छापली होती. कायद्यास दिलेले हे उत्तर चोख होते खरे. पण जेथे काहीच परतून येत नाही तेथे दुसरी तबकडी कशाशी जुळवावी? तेथे हाताची सवय कामास येत नाही. रचना पाठ असावी लागते.

पाठ असणे म्हणजे काय, हे कोल्हापुरास एका थोर गवयाने शिकविले. अल्लादियाखाँसाहेबांस शाहू महाराजांनी १८९५ साली दरबारी नेमले, आणि १९२२ साली महाराज निवर्तल्यावर ते मुंबईस गेले. मधल्या सुमारे सत्तावीस वर्षांत येथे जी गायकी बहरली, तिच्या ताना मात्रेच्या आतून विणलेल्या असत. गवई लयीशी झुंजताना दिसत नसे, आणि मुखडा समेवर असा उतरे की जणू दुसरीकडे जाण्यास वाटच नव्हती. त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांनी ही विद्या पुढेही कोल्हापुरात जागती ठेवली.

आणि लयीच्या प्रांतातील कमाल पाहावयाची तर गोमंतकीय खाप्रूमामा पर्वतकरांकडे वळावे. 'लयभास्कर' म्हणून गाजलेले हे तबलावादक १९५३ साली वारले. एका हाताने एक ताल, दुसऱ्याने दुसरा, पायांनी आणखी निराळे, असे दाखवून ते सर्वांस एकाच समेवर आणीत. ह्यातील गणित पाहण्यासारखे आहे. त्रितालाच्या सोळा व झपतालाच्या दहा मात्रा एकदम सुरू केल्या, तर दोघांची सम ऐंशी मात्रांनी एकत्र येते. तोवर त्रितालाची पाच व झपतालाची आठ आवर्तने होतात. त्यांत बारा मात्रांचा एकताल आणि चौदा मात्रांचा धमार मिळविला, तर चौघांची भेट एक हजार सहाशे ऐंशी मात्रांनी होईल. सेकंदास एक मात्रा धरली तर अठ्ठावीस मिनिटांनी! इतका काळ थांबणे मैफलीत शक्य नसते. त्यामुळे कोणता ताल कोठून उचलला म्हणजे सर्वांची सम अपेक्षित जागी पडेल, हा हिशेब आधीच डोक्यात तयार लागतो. डीजेही दुसरी तबकडी नेमक्या क्षणी सोडताना हाच हिशेब करीत असतो. त्याची एक अडचण मात्र मामांस नव्हती. तबकडीतील वादक केव्हाच वाजवून गेलेला असतो. तो ह्याचे ऐकून सावरून घेत नाही.

डॉल्बीविरुद्ध आमच्या शहरात जी तक्रार होते ती आवाजाची, आणि ती योग्यच आहे. पण लयीच्या दारिद्र्याची तक्रार कोणी केल्याचे आमच्या कानी नाही. खासबागेतील कुस्तीला साथ देणारी हलगी पेचागणिक चाल बदलते, आणि खाली घुमके आपला ठाव सोडत नाही. ज्या गल्लीतील पोरे ही हलगी ऐकत वाढली, तिच्यातीलच एखादा आज कानाला यंत्र लावून ह्या कर्ण्यांमागे उभा असतो. सातांचा ठेका आठांशी भिडविण्याचे काम त्यास कोणी सांगून पाहिलेले नाही.