बोगद्यातला रेडिओ : अभ्यासाच्या वाटेवर

रत्नागिरीकडे येणारी गाडी उक्षी सोडून करबुडे बोगद्यात शिरली की मोबाइलवरचे बोलणे तुटते, आणि आपण दोष डोंगराला देतो. साडेसहा किलोमीटर लांबीचा हा बोगदा कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. या विषयात नव्याने येणाऱ्याने त्याच्याकडे अडथळा म्हणून पाहू नये. बोगदा हीच लहरींची वाट असते. कोणत्या लहरीला ती मोकळी आहे, एवढाच प्रश्न.

पोकळ नळीतून ठरावीक मर्यादेपेक्षा लांब लहर पुढे जात नाही, हे लॉर्ड रॅले यांनी 1897 मध्ये गणिताने दाखवले. त्याच दशकात जगदीशचंद्र बोस कोलकात्यात मिलिमीटर लहरींसाठी अशा नळ्या वापरत होते. हिशेब सोपा आहे, वहीवर करून पाहावा. बोगदा पाच मीटर रुंद धरला तर मर्यादा रुंदीच्या दुप्पट, म्हणजे सुमारे दहा मीटर. मध्यम लहरींवरच्या आकाशवाणीची तरंगलांबी शेकडो मीटर, म्हणून ट्रान्झिस्टर तोंडाशीच मुका होतो. गार्डच्या वॉकीटॉकीची लहर सुमारे दोन मीटरची. ती आत जाते, पण लवकर क्षीण होते. 900 मेगाहर्ट्‌झच्या मोबाइलची जेमतेम 33 सेंटिमीटर. सरळ, गुळगुळीत बोगद्यात तरंगलांबी निम्मी केली की दर मीटरमागची डेसिबलमधली घट साधारण चौथाईवर येते. म्हणजे मोबाइलची लहर आत उत्तम धावेल. बाहेरच्या टॉवरकडून ती तिरकी येते आणि तोंडातून फारच थोडी आत शिरते, अडचण ही आहे. मला या शास्त्रातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो.

पुढे वळणे येतात, खडबडीत भिंती येतात, आणि गाडी स्वतःच बोगदा जवळजवळ भरून टाकते. कोळसा खाणींसाठी एम्स्ली, लागास आणि स्ट्राँग यांनी 1975 मध्ये मांडलेले गणित इथे उपयोगी पडते. जिथे तेही पुरत नाही तिथे भिंतीलगत झिरपती केबल टाकतात : बाहेरच्या वेष्टनाला खाचा पाडलेली, ठिबकच्या नळीसारखी वाटेत थोडीथोडी लहर सोडत जाणारी.

दरड कोसळून केबल तुटली तर मात्र थेट खडकातूनच बोलावे लागते. त्यासाठी काही किलोहर्ट्‌झची अतिमंद लहर आणि तारेचे मोठे वेटोळे लागते. संदेश जेमतेम शब्दांपुरता जातो, आणि पावसाने भिजलेला खडक त्यातलेही बरेच शोषून घेतो. अडकलेल्या माणसांपर्यंत पोहोचण्याचे हे तंत्र अजून अपुरे आहे. नव्या अभ्यासकांनी सुरुवात इथूनच करावी, अशी माझी इच्छा आहे.