धाराशिव जिल्ह्यातील निजामकालीन दप्तर व सूचीकरण

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुने दप्तर उर्दू भाषेत व मोडी लिपीतही आढळते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी अशी दप्तरे पुन्हा तपासली गेली. एका नोंदीवर कुटुंबाचे जात प्रमाणपत्र अवलंबून होते.

जिल्हा, तालुका, गाव ही महसुली उतरंड संगणकातील फोल्डर व उपफोल्डरसारखीच आहे. सर्व्हरवरील स्क्रिप्ट प्रत्येक उपफोल्डरमध्ये उतरून तीच कृती पुन्हा करते, म्हणून यादी पूर्ण होते. परंतु फाइलच्या नावात गाव व वर्ष नसेल, तर पूर्ण यादीतही नोंद हरवलेलीच राहते. सारांश, सूचीविना जतन अपुरे होय.