हर्सूल शहरात कधी आलं?

पेट पास झाल्यावर मी जो पहिला सिनॉप्सिस लिहिला, त्याचं शीर्षक होतं ‘गाव की शहर : मराठवाड्यातील वास्तव्याची निवड’. मला ते फार भारी वाटलं होतं. गाइड मॅडमनी पहिलं पान वाचलं, ‘निवड’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "तू राहतोस कुठे?"

म्हटलं, "हर्सूलला."

"मग स्वतःला कोणत्या रकान्यात टाकशील? गावाच्या की शहराच्या?"

मला पटकन सांगता आलं नाही. मालमत्ता कर महानगरपालिकेला जातो. पण घरातली जुनी माणसं अजूनही बाजाराला निघताना "शहरात जाऊन येतो" असंच म्हणतात. जातात कुठे, तर गुलमंडीवर! त्या एका प्रश्नावर माझे पुढचे आठ महिने गेले. तुमच्यापैकी जे स्थलांतर, शहरीकरण असे विषय घेऊन आरआरसीसमोर जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी ज्या खड्ड्यात पडलो तो तुम्हाला आधीच दिसावा, एवढंच.

हर्सूल माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. जुन्या शहराच्या दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडून जळगाव रस्त्याने उत्तरेला निघालं की हर्सूल लागतं. पुढे फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा. शहरात कुणाला "हर्सूलला पाठवू का?" म्हटलं की तो हसतो, कारण इथे मध्यवर्ती कारागृह आहे. पण हर्सूलची त्याहून जुनी ओळख म्हणजे हरसिद्धी मातेचं मंदिर आणि तलाव. (नावाबद्दल एक खुलासा : २०२३ पासून शहराचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. मी लिहिताना त्या त्या काळातलं नाव वापरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तसंच करावं असं माझं मत आहे, नाहीतर अभिलेखागारात गेल्यावर सूचीत काय शोधायचं हेच कळत नाही.)

आता मुद्द्यावर येतो. ‘गाव की शहर’ हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, गाव आणि शहर जागच्या जागी स्थिर आहेत. दोन, माणूस इकडून तिकडे जातो. हर्सूलमध्ये दोन्ही गृहीतकं मोडतात.

पहिलं घ्या. हे शहरच मुळात एका गावावर वसलं. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी नावाच्या गावाच्या जागी आपली राजधानी केली. खडकीच्या लोकांनी शहर ‘निवडलं’ का? शहरच त्यांच्याकडे आलं. आणि आलेल्या शहराला पाणी हवं होतं. मलिक अंबरने नहर-ए-अंबरीने डोंगराच्या बाजूचं पाणी जमिनीखालच्या मार्गाने शहरात आणलं. पुढे आणखी नहरी झाल्या. पाणचक्की बघायला येणारे पर्यटक चक्कीचे फोटो काढतात, पण ते पाणी उत्तरेला हर्सूल-जटवाड्याच्या बाजूच्या विहिरीपासून सुमारे आठ किलोमीटर जमिनीखालून येतं, हे त्यांच्या ध्यानातही नसतं. आजही शहराचं मुख्य पाणी जायकवाडीचं असलं तरी जुन्या शहराच्या काही वस्त्यांना हर्सूल तलावाचं पाणी जातं. शहराची हद्द हर्सूलला पोचली ती फार नंतर, शहराची तहान मात्र आधीच पोचली होती.

शहर नेहमी वाढतच जातं, असंही नाही. औरंगजेबाच्या काळात भरलेलं हे शहर १७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेल्यावर रोडावलं. एकोणिसाव्या शतकातली वर्णनं वाचा, पडक्या वाड्यांचा आणि ओसाड पुऱ्यांचा उल्लेख येतो. १८८४ चं औरंगाबादचं गॅझेटिअर त्यासाठी जरूर चाळा, पण ‘तिथे लिहिलंय म्हणजे खरं’ असं समजून नको. म्हणजे याच जागी शहर सोडून जाणाऱ्यांचाही इतिहास आहे, आणि आपल्या शहरीकरणाच्या आलेखात त्याला जागाच नसते, कारण आलेख बहुतेकदा १९०१ च्या जनगणनेपासून सुरू होतो.

आता दुसरं गृहीतक. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

८ डिसेंबर १९८२ रोजी औरंगाबाद नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि भोवतालची अठरा खेडी तिच्या हद्दीत आली. त्यात हर्सूलही होतं. ७ तारखेला रात्री माणूस खेड्यात झोपला आणि ८ तारखेला शहरात उठला. अंथरूण तेच, गोठाही तोच. ग्रामपंचायत गेली. महापालिकेची पहिली निवडणूक मात्र १९८८ मध्ये झाली, म्हणजे मधली काही वर्षं ना सरपंच, ना नगरसेवक. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा मुख्यतः ग्रामीण भागासाठी, त्यामुळे महापालिकेत गेलेल्या गावातल्या शेतमजुराचा तोही आधार सुटतो. तलाठी आणि सातबारा मात्र राहिले. एकाच जमिनीवर एकीकडे सातबारा, दुसरीकडे महापालिकेचा कर. पुढे शेतांचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पडून विकले गेले, घरं झाली आणि त्यांना कायदेशीर करायला २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. या शहरात ‘गुंठेवारी’ हा शब्द माहीत नाही असा माणूस सापडणं अवघड.

आता हे जनगणनेत कसं दिसतं बघा. १९६१ पासून एखादं ठिकाण ‘शहरी’ मानायला तीन कसोट्या आहेत : लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. पण ज्या ठिकाणी नगरपालिका, महानगरपालिका किंवा छावणी परिषद आहे, त्याला या कसोट्या लागतच नाहीत. ते कायद्यानेच शहर. म्हणून १९८२ नंतर हर्सूलच्या शिवारात कोण काय पिकवतं हे कुणी विचारण्याचं कारणच उरलं नाही.

महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये ८,७३,३११ होती, २०११ मध्ये ११,७५,११६ झाली. असे आकडे दिसले की आपण लगेच लिहितो, ‘ग्रामीण भागातून मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले.’ मीही लिहिलं होतं. थांबा. शहराची लोकसंख्या तीन वाटांनी वाढते : जन्म-मृत्यूच्या फरकाने, बाहेरून माणसं आल्याने, आणि हद्द सरकल्याने किंवा गावाचा दर्जा बदलल्याने. १९८१ आणि १९९१ च्या आकड्यांची तुलना करताना मधे अठरा गावं गिळली गेली आहेत हे विसरलात, तर जागचे न हललेले हजारो लोक तुमच्या प्रबंधात ‘स्थलांतरित’ होऊन बसतील.

उलट चूकही होते. आमच्या गल्लीतल्या एक आजी, वय ऐंशीच्या घरात. बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधी लग्न होऊन फुलंब्रीकडच्या एका खेड्यातून हर्सूलला आल्या. मी फॉर्म घेऊन बसलो आणि छापील प्रश्न विचारला, "आजी, तुम्ही शहरात राहायचं का ठरवलं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मी कशाला ठरवू? बापानं खेड्यातून खेड्यात दिली व्हती. शेत बघून दिली. आता नातसून म्हणती, मला शहर पाहिजे व्हतं म्हणून हे स्थळ केलं. घर तर तेच हाय की रे."

जनगणनेच्या तक्त्यात या आजी ‘ग्रामीण ते शहरी’ प्रवाहात मोजल्या जातात, कारण जन्म खेड्यातला आणि मोजणी शहरी वॉर्डात. कारण विचारलं तर ‘विवाह’. (स्थलांतराचं कारण जनगणनेत १९८१ पासून विचारलं जातं, मागच्या वास्तव्याचं ठिकाण १९७१ पासून.) सासू-नातसून एकाच उंबऱ्यातून आत आल्या. पहिलीला गाव दिलं, दुसरीने शहर मागितलं. तक्त्यात दोघींची नोंद सारखीच.

पण मग ‘निवड’ हा शब्दच टाकून द्यायचा का? मला तसं करायचं होतं, सोपं होतं ते. मॅडमनी तेही करू दिलं नाही. म्हणाल्या, "नागसेनवनात जाऊन ये."

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्यांवर जी टीका केली ती तुम्ही वाचलीच असेल. गाव हाच राज्यव्यवस्थेचा पाया असावा असं म्हणणाऱ्यांना त्यांनी सरळ नकार दिला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज औरंगाबादेत सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून मुलं एक पेटी आणि वळकटी घेऊन इथे आली. ही निवड होती, आणि तिची किंमत ठाऊक असताना केलेली. मग २७ जुलै १९७८. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. काही कुटुंबं जीव वाचवून शहरांकडे आली. त्यांनी शहर निवडलं म्हणायचं, की गावाने त्यांना हाकललं म्हणायचं? नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं.

म्हणून ‘गाव शांत, शहर धावपळीचं’ ही जी तुलना निबंधात आपण शाळेपासून लिहीत आलो, ती कुणाच्या ओसरीवर बसून लिहिली आहे हे बघायला लागतं. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याचं गाव वेगळं. हर्सूलच्या ज्या शेतकऱ्याने प्लॉट पाडून विकले आणि सिल्लोडकडून येऊन त्याच्याच चाळीत जो भाड्याने राहिला, ते दोघे एकाच हद्दीत राहतात. दोघांशी बोललो. शेतकऱ्याला गावाची आठवण येते. भाडेकरू म्हणाला, "इथं कुणी आडनाव विचारत नाही लवकर."

कामाच्या दृष्टीने दोन गोष्टी. प्रश्नावलीतून "शहर का निवडलं?" काढून टाका, कारण त्यावर लोक तुम्हाला आवडेल ते उत्तर देतात. मी आता विचारतो, "इथला पहिला दिवस आठवतो का? सोबत काय आणलं होतं? मागे काय ठेवलं?" माणसं तासभर बोलतात. आणि जनगणनेच्या जोडीला फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, बघा. जमीन कधी, कुणाकडून, कुणाकडे गेली हे तिथे दिसतं. मराठवाड्यात १९४८ च्या आधीचे महसुली कागद बहुतांश उर्दूत आहेत, तेव्हा उर्दू वाचणारा मित्र आत्ताच शोधून ठेवा. शाळेचं जनरल रजिस्टर तर सोनं आहे : जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण, सगळं एका ओळीत. मुख्याध्यापकांकडे विभागाचं पत्र घेऊन जा, नुसतं ओळखपत्र दाखवून काम होत नाही.

सिनॉप्सिसचं शीर्षक बदललं. ‘निवड’ शब्द अजून आहे, पण आता त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे आणि त्यावर आरआरसीत मला वीस मिनिटं बोलावं लागलं. आजींच्या नातवाचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. पत्रिका छापून आली, ती मी झेरॉक्स काढून फाइलला लावली आहे. वधूपक्षाच्या पत्त्यात ‘सिडको, छत्रपती संभाजीनगर’ आहे. वरपक्षाच्या पत्त्यात अजूनही ‘मु. पो. हर्सूल’.