पुंगलीचा पूल आणि पाच हजारांचा आकडा

11 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी भारतीय हवाई दलाच्या वाहतूक विमानांनी पूर्व पाकिस्तानातील टांगाईलच्या उत्तरेला छत्रीधारी सैनिक उतरवले. एवढ्यापुरते कोणाचेही दुमत नाही. सैनिक किती होते, ते किती वाजता उतरले आणि त्याने युद्धावर नेमका काय परिणाम झाला, या तीन प्रश्नांवर मात्र कागद एकमेकांशी भांडतात. त्या दिवसांत देशोदेशीच्या वृत्तपत्रांत गेलेला आकडा होता पाच हजारांचा. तो आजही भाषणांत आणि लेखांत अधूनमधून डोके वर काढतो. उपलब्ध कागद तारीखवार लावून पाहिले तर तो कितपत टिकतो, हे तपासण्यासारखे आहे.

आधी ज्यावर बोट ठेवता येते ते पाहू. उतरलेली तुकडी पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे 2 पॅरा होती. तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्याकडे होते आणि या कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र मिळाले. लक्ष्य होते लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल. मैमनसिंग आणि जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेणारी पाकिस्तानची 93 वी ब्रिगेड, ब्रिगेडियर अब्दुल कादिर खान यांच्या हाताखाली, याच रस्त्याने येणार होती. पूल धरला की तिची वाट बंद. पॅराशूट रेजिमेंटला पुढे जो रणसन्मान मिळाला त्यावरही नाव ‘पुंगली ब्रिज’ असेच आहे, टांगाईलचे नाही. रणसन्मान छाननीनंतर दिले जातात, म्हणून स्थळाच्या बाबतीत हा पुरावा मी सर्वांत वरचा मानतो.

आता आकडा. ले. जनरल जे. एफ. आर. जेकब यांचे ‘सरेंडर ॲट ढाका’ 1997 चे, मेजर जनरल सुखवंत सिंग यांचे पुस्तक त्याआधीचे, आणि जगन मोहन व समीर चोप्रा यांनी केवळ हवाई युद्धावर लिहिलेला ग्रंथ 2013 चा. तिन्ही पुस्तकांचे हेतू वेगळे, काही ठिकाणी मतेही विरुद्ध. पण भारतीय बाजूच्या लेखनाचा एकूण कौल एक बटालियन आणि तिला जोडलेल्या लहान तुकड्या, म्हणजे सातशे-साडेसातशे माणसे, असाच पडतो. विमानांची संख्या बहुतेक ठिकाणी पन्नासच्या आसपास धरलेली आहे. त्यांत सी-119 पॅकेट, एएन-12, डाकोटा आणि कॅरिबू अशी चार जातींची विमाने होती आणि ती कलाईकुंडा व दमदम या दोन तळांवरून उडाली.

हे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. पॅकेट विमानात उडी मारणारे साधारण चाळीस जवान मावतात. सातशे जवानांना सतरा-अठरा पॅकेट पुरतात, आणि उरलेली विमाने तोफा, जीप व दारूगोळ्याला लागतात. हिशेब जुळतो. पाच हजार माणसे पन्नास विमानांतून उतरवायची, तर प्रत्येक विमानात शंभर जवान हवेत आणि तोफांना जागाच उरत नाही. म्हणजे कोणाच्याही साक्षीवाचून, नुसत्या भागाकारानेच पाच हजारांचा आकडा बाद होतो.

मग तो आला कुठून? इथे एक साक्षीदार पुढे येतो. संरक्षण मंत्रालयाच्या जनसंपर्क खात्यात तेव्हा काम करणारे आय. राममोहन राव यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले की, टांगाईलच्या उडीचे छायाचित्र त्यांच्याकडे नव्हते. म्हणून आग्र्याला झालेल्या पॅराशूट ब्रिगेडच्या सरावाचे जुने छायाचित्र त्यांनी वृत्तपत्रांना दिले, आणि ते जुने आहे हे खाली सांगितले नाही. पाहणाऱ्यांना आकाशभर छत्र्या दिसल्या. अख्खी ब्रिगेड उतरली असा अर्थ घेतला गेला आणि पाच हजारांचा आकडा रूढ झाला.

ही साक्ष तपासून घ्यायला हवी. ती घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी दिलेली आहे, आणि सांगणाऱ्याला तिच्यातून श्रेयही मिळते. दोन्ही गोष्टी तिच्याविरुद्ध जातात. तिच्या बाजूने एक स्वतंत्र गोष्ट आहे, ती म्हणजे सूर्य. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टांगाईलच्या रेखांशावर सूर्य भारतीय वेळेनुसार पावणेपाचच्या थोडा आधीच मावळतो. उडीची वेळ पाचच्या अलीकडची, काही ठिकाणी नेमकी 4.50 दिलेली आहे. त्या उजेडात, शत्रूच्या मुलुखात, आकाशभर छत्र्यांचे स्वच्छ चित्र मिळणे मुळातच कठीण होते. म्हणून राव यांचे म्हणणे मी ग्राह्य धरतो. त्या छायाचित्रामागे शत्रूला चकवण्याचा हेतू होता की वृत्तपत्रांच्या मागणीपुढे केलेली तात्पुरती सोय, हा मात्र अंदाजाचा भाग राहतो. मला दुसरी शक्यता जवळची वाटते.

वेळेबाबत एक सावधगिरी हवी. पूर्व पाकिस्तानचे घड्याळ भारताच्या अर्धा तास पुढे होते. 16 डिसेंबरच्या शरणागतीची वेळ कुठे 4.31 तर कुठे 5.01 दिसते. या दोन्ही वेळा एकाच क्षणाच्या आहेत, पहिली भारतीय आणि दुसरी ढाक्याची. टांगाईलच्या उडीच्या ज्या वेगवेगळ्या वेळा सापडतात, त्यांतला काही फरक याच अर्ध्या तासाचा असावा. कोणत्या लेखकाने कोणते घड्याळ वापरले हे पाहिल्याशिवाय कोणालाही चूक ठरवू नये.

विमानाच्या आत काय चालले होते, हे उडीच्या पद्धतीवरून बरेचसे उभे करता येते. पॅकेट हे दोन इंजिनांचे, दोन शेपट्यांचे, मधोमध फुगीर पोटाचे विमान. मागे दोन्ही बाजूंना उडीची दारे. जवान दोन रांगांत बसतात, उभे राहतात आणि छत्री उघडणारी दोरी, म्हणजे स्टॅटिक लाइन, डोक्यावरच्या तारेला अडकवतात. पॅराशूट जंप इन्स्ट्रक्टर एकेकाचा हुक ओढून पाहतो. आधी लाल दिवा, मग हिरवा, आणि दोन्ही दारांतून उड्या सुरू. विमानाचा वेग ताशी 200 किलोमीटर धरला तर ते सेकंदाला सुमारे 55 मीटर पुढे सरकते. एका दारातून वीस जवान सेकंदाला एक या गतीने गेले, तरी पहिला आणि विसावा यांच्यात किलोमीटरभर अंतर पडते. हिरवा दिवा दहा सेकंद उशिरा लागला, तर सगळी रांग अर्धा किलोमीटर पलीकडे जाऊन पडणार. नेव्हिगेटरच्या नजरेवर आणि हिशेबावर किती भार होता, ते यावरून कळते.

जमिनीवरही काही मदत तयार होती. पॅराशूट ब्रिगेडचे कॅप्टन पी. के. घोष आधीच त्या भागात जाऊन कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीबरोबर, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांबरोबर, राहिले होते. विमानांतून पडलेले सामान गोळा करायला गावकरी धावले, असे आठवणींत पुन्हा पुन्हा येते. आणि इतकी संथ विमाने उजेडी शत्रूच्या मुलुखावर जाऊ शकली, याचे कारण त्याआधीच्या आठवड्यात आहे. ढाक्याच्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब पडून 7 डिसेंबरपर्यंत पूर्वेकडची पाकिस्तानी सेबर विमाने जमिनीला खिळली होती.

भारतीय आठवणींत आणखी एक किस्सा भेटतो. उतरणारे सैनिक चिनी आहेत, मदतीला आले आहेत, असे काही पाकिस्तानी जवानांना वाटले म्हणे. ऐकताना हा विजेत्यांनी नंतर रचलेला विनोद वाटतो. पण पाकिस्तानी बाजूचा एक कागद त्याला अनपेक्षित आधार देतो. पूर्व पाकिस्तानातले पाकिस्तानी सेनापती जनरल नियाझी यांचे जनसंपर्क अधिकारी सिद्दिक सालिक यांनी 1977 च्या आपल्या पुस्तकात युद्धकाळातले संदेश छापले आहेत. नियाझींनी 9 डिसेंबरला रावळपिंडीला पाठवलेला संदेश त्यांत आहे. आकाश शत्रूच्या ताब्यात असल्याने सैन्याची फेरजुळणी अशक्य झाल्याचे तो सांगतो आणि ढाक्याच्या रक्षणासाठी, शक्य असल्यास, विमानातून उतरणारे सैनिक मागतो. त्याच सुमारास उत्तरेकडून पिवळे (म्हणजे चिनी) आणि दक्षिणेकडून गोरे (म्हणजे अमेरिकन) मदतीला येणार, असे आश्वासन रावळपिंडीहून आल्याचेही सालिक नोंदवतात. ज्या सैन्याचा सेनापती आकाशातून कुमक मागतो आहे, त्यातल्या एखाद्या जवानाने दोन दिवसांनी छत्र्या पाहून आशेने मान वर केली असेल, तर त्यात नवल नाही. किस्सा सिद्ध झाला असे मी म्हणत नाही. त्याला अशक्य म्हणता येत नाही, इतकेच.

याच संदेशाची तारीख युद्धावरच्या परिणामाचा प्रश्नही सोडवते. टांगाईलच्या उडीमुळे नियाझींनी हात टेकले, असे अनेकदा लिहिले जाते. पण परिस्थिती हाताबाहेर गेल्याचा त्यांचा संदेश 9 डिसेंबरचा आहे, उडीच्या दोन दिवस आधीचा. ढाक्यातले पाकिस्तानी अधिकारी मेजर जनरल राव फरमान अली यांनी युद्धबंदी आणि सत्तांतराचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी पॉल मार्क हेन्री यांच्या हाती दिला तो 10 डिसेंबरला. पुढे 14 तारखेला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला झाला. या ओळीत 11 डिसेंबर मधोमध येतो. घसरण आधीच सुरू होती, उडीने तिला वेग दिला. 93 व्या ब्रिगेडचा काही भाग निसटून ढाक्याला पोहोचला आणि ब्रिगेडियर कादिर पकडले गेले. 16 तारखेच्या सकाळी मीरपूरच्या पुलापाशी, ढाक्याच्या वेशीवर, जी भारतीय तुकडी पुढे होती ती 2 पॅराच होती. उडीचे महत्त्व दाखवायला एवढे पुरेसे आहे.

आता बटालियनच्या नावाकडे वळू. 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिची दुसरी बटालियन ‘2 पॅरा (मराठा)’ म्हणून नोंदली गेली, कारण ती मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे याच तिसऱ्या बटालियनचे. पुंगलीला 2 पॅराशी 12 डिसेंबरला येऊन मिळालेली तुकडी होती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली ती 10-11 च्या रात्री जमालपूरला लढली आणि साठ-सत्तर किलोमीटर दक्षिणेला उतरली. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतच सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव या पहिल्या बटालियनचे होते. इटलीत एकाच रेजिमेंटचा भाग असलेल्या या दोन बटालियन सव्वीस वर्षांनी बंगालमधल्या एका पुलावर भेटल्या. एक आकाशातून आलेली, दुसरी रस्त्याने.

इथेही हात आखडता घ्यावा लागतो. वंशावळ मराठा असली, तरी 1971 च्या उडीतला प्रत्येक जवान मराठी होता असे त्यातून निघत नाही. त्यासाठी नावांची यादीच लागेल. तीच गोष्ट विमानांच्या कर्मचाऱ्यांची. सेनापतींनी पुस्तके लिहिली, पण पॅकेटचा नेव्हिगेटर, फ्लाइट इंजिनिअर, सिग्नलर, रात्रभर इंजिनांवर राबणारे तंत्रज्ञ यांची नावे छापील इतिहासात क्वचित सापडतात. त्यांची साक्ष लॉगबुकात असते: तारीख, विमानाची जात व क्रमांक, कॅप्टनचे नाव, कामाचे स्वरूप, दिवसाचे तास आणि रात्रीचे तास वेगवेगळ्या रकान्यांत. 11 डिसेंबरच्या अशा दहा-बारा नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तर विमानांची संख्या आणि उडीची वेळ या दोन्हींचा निकाल लागेल.

कागद हरवले की काय होते, हे आपल्या कात्रप-अंबरनाथ-उल्हासनगर भागाला सांगायला नको. कात्रपपासून काही किलोमीटरवर नेवाळीची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धात ती उभारली गेली. तिच्या जमिनीचे संपादन कायमचे की युद्धापुरते, यावर शेतकरी आणि नौदल यांच्यातला वाद 22 जून 2017 रोजी रस्त्यावर येऊन पेटला. वाद होता 1940 च्या दशकातल्या व्यवहाराचा, म्हणजे शेवटी जुन्या कागदांचाच.

म्हणून कात्रप, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या वाचकांना एक विनंती. घरात कोणी हवाई दलात किंवा मराठा पलटणीत होते का, विचारा. लॉगबुक असेल तर डिसेंबर 1971 च्या पानाचे स्वच्छ छायाचित्र घ्या. जुन्या फोटोंमागे पेन्सिलीने नावे, साल आणि ठिकाण लिहा. आजोबा सांगत असतील तर त्यांचे बोलणे तारखेसह ध्वनिमुद्रित करा, आणि त्यांनी स्वतः पाहिलेले व दुसऱ्याकडून ऐकलेले वेगळे लिहून ठेवा. प्रत बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला किंवा दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनला पाठवता येईल. मूळ कागद मात्र घरातच जपून ठेवा, आणि दिवाळीच्या आवराआवरीत तो रद्दीत जाणार नाही याची काळजी घ्या.