लाल निवडुंगाची उसनी हिरवाई

रोपवाटिकेत हिरव्या, तिधारी खोडावर बसवलेला लालभडक काटेरी गोळा तुम्ही पाहिला असेल. विद्यार्थी त्याला फूल समजतात. ते फूल नव्हे. ते एक वेगळेच रोप आहे आणि खालचे खोड दुसऱ्या निवडुंगाचे. ही जोडी निसर्गात कोठेही आढळत नाही. मग ती जमली कशी?

गोळ्याचे पूर्वज पॅराग्वेच्या चाको प्रदेशातले. तेथे हे लहानसे, तपकिरी-हिरवे निवडुंग झुडपांच्या सावलीत वाढतात आणि फुलतात. झेक संग्राहक फ्रिच आणि बर्लिनचे ग्युर्के यांनी १९०५ साली या जातीला नाव दिले, ते मिहानोविच या जहाजमालकावरून. १९२२ मध्ये ब्रिटन आणि रोझ या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती जिम्नोकॅलिशियम या प्रजातीत घातली. या ग्रीक नावाचा अर्थ 'उघडा पुष्पकोश'. या प्रजातीच्या कळ्यांवर काटे किंवा केस नसतात.

पुढची गोष्ट जपानमधली. १९४१ साली एइजी वातानाबे यांना सुमारे दहा हजार रोपांमध्ये दोन तांबूस रोपे दिसली. उत्परिवर्तनामुळे त्यांतील हरितद्रव्य नाहीसे होत चालले होते. हिरव्या रंगाआड एरवी झाकलेली बीटालेन रंगद्रव्ये त्यामुळे उघडी पडली. बीटचा लाल रंगही याच गटातला. पण हरितद्रव्याशिवाय अन्न कसे तयार होणार? बियांतला साठा संपला की अशी रोपे मरतात. वातानाबे यांनी ती हिरव्या निवडुंगावर कलम केली. दोन्हींच्या कापांतील वाहक ऊती जुळल्या आणि खालून अन्न मिळू लागले. पुढे लाल पिल्ले निवडून पुनःपुन्हा कलमे केली, तेव्हा 'हिबोतान' हा वाण तयार झाला.

खुंट म्हणून बहुधा हायलोसेरियस वापरतात. सांगली-सोलापूरकडे हल्ली लावतात त्या ड्रॅगन फ्रूटचाच हा वेल. तो उष्ण प्रदेशातील अरण्यांतला; त्याला थंडी सोसत नाही. म्हणून काळजी घ्यायची ती गोळ्याइतकीच खुंटाचीही. भरपूर उजेड द्यावा, पण दुपारचे कडक ऊन टाळावे. माती पाण्याचा निचरा होणारी असावी आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे.

हे मी नुकसान सोसून शिकलो. गोळा उठून दिसावा म्हणून मी हिरवे खोड रंगीत खड्यांत गळ्यापर्यंत पुरले. काही महिन्यांत गोळा सुरकुतला आणि गेला. स्वयंपाकघराला टाळे लावून मी दिवाणखाना सजवला होता!

वर्गात असे एक रोप जरूर आणावे. 'या जोडीत अन्न कोण बनवतो? खोड काळ्या कागदाने झाकले तर काय होईल, आणि फक्त गोळा झाकला तर?' असे विचारावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये. पाठ्यपुस्तकातले प्रकाशसंश्लेषण मुलांना त्या कुंडीतच सापडेल.