वेबअर्जाची असमकालिक तपासणी

वेबपानावरील अर्जात भरलेली माहिती बरोबर आहे का, हे सर्व्हरला विचारणे आणि उत्तर येईपर्यंत पानावरील इतर कामे चालू ठेवणे, यास असमकालिक तपासणी म्हणतात. ब्राउझरमध्ये हे काम जावास्क्रिप्ट या भाषेत केले जाते.

पिनकोडात सहा अंक आहेत ना, एवढे ब्राउझरला स्वतःच पाहता येते. तो कोणत्या गावाचा, हे मात्र यादी पाहिल्याशिवाय कळत नाही. संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तीनुसार ठाणे शहराचा ४००६०१ हा मुंबईच्या ४०० गटात पडतो, तर त्याच जिल्ह्यातील डोंबिवली पूर्वेचा ४२१२०१ आणि कल्याणचा ४२१३०१ हे ४२१ गटात. पहिल्या तीन अंकांवरून जिल्हा ठरवण्याचा सोपा नियम येथेच फसतो आणि सर्व्हरला विचारावे लागते.

अशा विनंत्यांचे तंत्र १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आले. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी त्याला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. ‘प्रॉमिस’ची सोय भाषेच्या २०१५ च्या आवृत्तीत, तर ‘असिंक’ व ‘अवेट’ हे शब्द २०१७ च्या आवृत्तीत आले.

सर्व्हरचे उत्तर प्रतिकूल आल्यावर ‘फॉल्स’ परत केले की अर्ज थांबेल, असा नवशिक्यांचा समज असतो. ब्राउझर त्या उत्तराची वाट पाहत नाही. तोवर अर्ज रवाना झालेला असतो. म्हणून ‘सबमिट’ घटना घडताच, कोणत्याही ‘अवेट’च्या आधी, ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ने अर्ज रोखावा लागतो. उत्तर अनुकूल असेल तर तो प्रोग्राममधूनच पाठवावा.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे, कारण चाचणीत ती सहसा दिसत नाही. समजा, कोणी ४००६०१ लिहिले आणि लगेच खोडून ४२१२०१ केले. दोन विनंत्या गेल्या; पहिलीचे उत्तर उशिरा आले, तर डोंबिवलीच्या पिनकोडापुढे ‘ठाणे’ उमटते. यावर ‘अबॉर्टकंट्रोलर’ने जुनी विनंती रद्द करतात, किंवा उत्तर आल्यावर रकान्यातील मजकूर तोच आहे का, हे ताडून पाहतात. प्रत्येक अंकागणिक विनंती न करता टंकन क्षणभर थांबल्यावरच ती करणे सर्व्हरच्याही सोयीचे.

जोडणी तुटल्यास ‘पिनकोड चुकीचा’ असा संदेश दाखवणे गैर होय. ‘तपासता आले नाही’ एवढेच सांगावे. ब्राउझरमधील तपासणी वापरकर्त्याला टाळता येते, म्हणून अर्ज स्वीकारताना सर्व्हरवर ती पुन्हा करतात.