पूर्णा जंक्शन

श्रोतेहो, मुखेडला रेल्वे नाही. स्टेशन आहे ते मुदखेडला. नावे सारखी, म्हणून परका माणूस हमखास फसतो! पण आज सांगायचे आहे ते मुदखेडवरून मनमाडकडे जाणाऱ्या मार्गावरच्या पूर्णा गावाविषयी.

निजामाच्या राज्यात सिकंदराबाद ते मनमाड हा मीटरगेजचा मार्ग १९०१ पर्यंत तयार झाला. मनमाडपुढे रूळ रुंद, म्हणून आपल्याकडचा माल तिथे उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीला फाटा निघाला आणि पूर्णेचे जंक्शन झाले.

जंक्शन म्हणजे नुसते रूळ नव्हेत बरे का! वाफेचे इंजिन तहानलेल्या बैलासारखे. त्याला पाणी हवे, कोळसा हवा, राख काढायला माणसे हवीत. ड्रायव्हर, फायरमन बदलायचे, तर त्यांना राहायला घरे हवीत. शेड आली, क्वार्टर्स आली, महिन्याला रोख पगार घेणारी कुटुंबे आली. सुगीवर वर्षाचा हिशेब बांधणाऱ्या आपल्या मुलखात ही केवढी नवलाई!

दूर रशियात बोलोगोये गावाचे असेच झाले. पीटर्सबर्ग–मॉस्को रेल्वे १८५१ मध्ये सुरू झाली आणि वाटेवरचे ते खेडे स्टेशनाभोवती वाढून पुढे शहर झाले.

पण इंजिन बदलले की गावाचे कामही बदलते. वाफ गेली, मीटरगेज गेले. २००८ मध्ये अकोला–पूर्णा मार्गही रुंद झाला. डिझेलला घडोघडी पाणी लागत नाही. नांदेडहून हिंगोलीची गाडी आजही पूर्णेवरूनच वळते. राख काढणारे, कोळसा भरणारे हात मात्र तिथे लागत नाहीत.